स्वयंपाकघरातला हुकूम

३ मार्च

छोट्या,

रविवारी तुझी वाट पाहिली. बटाटे गार झाले, पाव कडक झाला, आणि शेवटी तुझ्या वाटणीचं मांजरानं खाल्लं. तू येणार नाहीस हे मला कळायला हवं होतं. शनिवारीच मला कोर्टाचं समन्स आलं, म्हणजे तुला ते शुक्रवारीच कळलं असणार.

समन्स घेऊन आलेला माणूस बिचारा दुकानाच्या दारात चुळबुळत उभा होता. "बाई, रागावू नका, माझं कामच हे." मी म्हटलं, "रागावते कशाला? बस. डोळे लाल दिसतात तुझे, नंबर कधी काढलास शेवटचा?" तो काही बसला नाही. राष्ट्राध्यक्षांच्या बहिणीकडून चष्मा करून घ्यायला लोक हल्ली जरा बिचकतात.

फोन करणार होते, पण तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी तिघांना मी कोण ते सांगावं लागतं आणि तिघेही "कोणती बहीण?" असं विचारतात. जणू तुला डझनभर आहेत. म्हणून पत्र. (हे पत्र माझ्या भावाच्या आधी जे कुणी साहेब फोडून वाचतील, त्यांना नमस्कार. वाचा खुशाल. फक्त चुरगाळू नका. चुरगाळलेला कागद आमचा छोट्या हातात घेत नाही.)

समन्सबरोबर आलेलं सगळं मी वाचलं. घटनापीठापुढचा प्रश्न एवढाच आहे ना: त्या साप्ताहिकाच्या छापखान्याला कुलूप ठोकण्याचा आणि संपादकाला आत टाकण्याचा हुकूम तू राष्ट्राध्यक्ष म्हणून दिलास, की नुसता तू म्हणून? राष्ट्राध्यक्ष म्हणून दिला असशील तर घटनेचं कवच आहे, खटला नाही. नुसता तू असशील, तर तुझ्यात आणि माझ्या दुकानासमोर गाडी आडवी लावणाऱ्यात फरक नाही.

तुझे वकील म्हणाले की हुकूम तू कार्यालयात, सुरक्षा सल्लागारांशी चर्चा करून, देशहिताचा विचार करून दिलास. पोलीसप्रमुख साक्षीत म्हणाले की फोनवर मागे भांडी वाजत होती आणि एक बाई सारखी "आधी जेव" म्हणत होती. आता कोर्टाला ती बाई हवी आहे.

छोट्या, त्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात सल्लागार म्हणाल तर मी आणि मांजर. तुझे भाऊजी बुद्धिबळाच्या क्लबात गेले होते. आणि तुझा डावा कान लहानपणापासून अधू, म्हणून तू फोन कायम स्पीकरवर ठेवून बोलतोस. दोन्हीकडचं सगळं मी ऐकलं. मी काय ऐकलं हे तुलाही माहीत आहे.

या रविवारी ये. बोलू.

ताई


११ मार्च

छोट्या,

तू आला नाहीस, पण तुझे कायदेसल्लागार येऊन गेले. आव असा आणला की नंबर काढायला आले आहेत. मीही काढला. जवळचं त्यांना खरोखरच दिसत नाही, हे तुला आधीच सांगायला हवं होतं.

मी एकेक काच बदलत होते आणि ते खुर्चीत बसून, नाकावर ती जड चौकट घेऊन, मला घटना समजावत होते. एवढा विद्वान माणूस, पण त्या चौकटीत सगळेच बेडकासारखे दिसतात.

"ताई," (मी त्यांची ताई कधी झाले कोण जाणे) "राष्ट्राध्यक्ष चोवीस तास राष्ट्राध्यक्ष असतात. ते जिथे बसतील ते कार्यालय."

"म्हणजे माझं स्वयंपाकघर कार्यालय?"

"तत्त्वतः, हो."

"मग भांडी सरकारनं घासायला हवी होती. आता हे बघा, आधीची काच बरी की ही?"

"ही. ताई, मुद्दा असा आहे, की माणसाच्या स्मरणशक्तीला मर्यादा असतात. वयही असतं. तुम्ही नीट ऐकलं नव्हतं असं म्हणालात तर ते खोटं धरलं जाणार नाही."

"आणि ही? की आधीची?"

"आधीची. नीट आठवत नाही, एवढे तीन शब्द, ताई. तुमचा भाऊ वाचतो. तो वाचला की देशात स्थैर्य राहतं."

मी तक्त्यावरची खालची ओळ वाचायला सांगितली. त्यांनी ती ठासून, एकही अक्षर बरोबर न येता वाचली. मला इतकं हसू आलं की मी पडद्यामागे जाऊन पाणी प्यायले.

मी त्यांना काही वचन दिलेलं नाही. पण ते बहुधा तुला सांगतील की बाई ऐकतील. चष्मा तयार आहे, कुणाला तरी पाठव न्यायला.

एक सांगते, मनावर घेऊ नकोस. माझी साक्ष व्हायच्या आधी तू मला भेटू नयेस असं कुठल्याही कोर्टानं अजून म्हटलेलं नाही. न भेटण्याचा निर्णय तुझा तूच घेतला आहेस. त्यासाठी मात्र कुठलं कवच नाही हं.

दुकान ठीक. दर्शनी काच बदलावी लागली, परवाच्या वाऱ्यानं तडकली.

ताई


१९ मार्च

छोट्या,

आज कोण आलं असेल सांग. संपादक. तोच, तुरुंगातून सुटून आलेला.

मी त्याला ओळखलंच नाही. वर्तमानपत्रातल्या फोटोत हा भरदार माणूस होता, दारात उभा होता तो नुसता कोट. म्हणाला, "बाई, साक्षीबद्दल एक अक्षर बोलणार नाही, वकिलानं दम दिलाय. मला फक्त दिसत नाहीये."

"कधीपासून?"

"हिवाळाभर. आत नेलं त्या दिवशी चष्मा फुटला, दुसरा करू दिला नाही. तुमच्या भावानं मला लांबचं सगळं दाखवलं. जवळचं आता तुम्ही दाखवा."

टोमणा झेपत नाही असं नाही मला, पण पुसलेलीच काच मी पुन्हा पुसायला घेतली. त्याच्या लक्षात आलं. मग तोच मला धीर द्यायला लागला. म्हणाला की जेवण बरं होतं, पहारेकरी एक सोडून सगळे माणसासारखे वागले. मुलीची पत्रं मात्र स्वतःला वाचता यायची नाहीत. पहारेकरी वाचून दाखवायचा. "सोळा वर्षांची पोर. तिला पहिल्यांदा कुणीतरी आवडलं होतं, ते तिनं बापाला विश्वासानं लिहिलं. आणि ते मला एका तोतऱ्या, मिशाळ माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं. त्यालाही लाज वाटत होती हो. तो मान खाली घालून वाचायचा."

तो हे सांगून हसला. मीही हसले. तो गेल्यावर मी दुकान अर्धा तास बंद ठेवलं.

आता त्याच्या साप्ताहिकातल्या त्या व्यंगचित्राबद्दल बोलू, कारण आपण त्याबद्दल कधी बोललोच नाही. मी तुला चष्मा घालते आहे, समोर तक्ता आहे, तक्त्यावर वरपासून खालपर्यंत लहान लहान होत जाणारं एकच अक्षर, "मी", आणि तू म्हणतोस, "ताई, शेवटच्या ओळीपर्यंत स्पष्ट दिसतंय!" छोट्या, मला ते आवडलं होतं. माझं नाक त्यानं अगदी बरोबर काढलं होतं. मी ते कापून दुकानात लावणार होते, तेवढ्यात तू जेवायला आलास आणि टेबलावर तो अंक पाहिलास. पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की मला आवडलंय हे सांगायचंच राहिलं. तुझं ताटही वाढून झालं नव्हतं.

संपादकाचा चष्मा उद्या देणार आहे. छापखाना अजून बंदच आहे. चित्र काढणारा परदेशी निघून गेला, तो परत येत नाही म्हणतो.

आणि हो, काच वाऱ्यानं तडकली नव्हती. तुझ्या बाजूच्या लोकांनी फोडली की दुसऱ्या, ते कळलं नाही. दगडावर काही लिहिलेलं नव्हतं.

ताई


२७ मार्च

छोट्या,

काल आलास, फार बरं वाटलं. वाईट इतकंच, की जेवण अर्धवट टाकून गेलास. तू गेल्यावर तुझी माणसं जिन्यावरून एकेक करून उतरत होती आणि त्यातला शेवटचा दारात थांबून म्हणाला, "बाई, साहेबांना एक डबा भरून देता?" मी दिला. कुणाच्या पोटात गेला कोण जाणे.

तू मला विचारलंस, "तू माझी बहीण आहेस की फिर्यादी?" मी गप्प बसले, ते उत्तर सापडलं नाही म्हणून नव्हे. भाऊजी शेजारच्या खोलीत होते आणि आपण दोघं भांडायला लागलो की ते रेडिओ मोठा करतात. त्या आवाजात मला रडायचं नव्हतं. उत्तर आज लिहिते.

मी तुझी बहीण आहे. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास, तुझ्या नाकापासून निवडणुकीच्या पहिल्या भाषणापर्यंत सगळं मी पुसलं, तपासलं. लोक तुला मत देतात कारण त्यांना तू खरा वाटतोस. मला तू खरा वाटतोस कारण खोटं बोलताना तू मोजा वर ओढतोस. काल दोन्ही मोजे गुडघ्यापर्यंत आले होते.

आणि मग शेवटी, चिडून का होईना, खरं बोललास. "मी ते तुझ्यासाठी केलं, ताई. माझ्या बहिणीला कुणी हसलेलं मला खपत नाही."

मी रात्रभर ते उलटसुलट करून पाहिलं. चित्रात हसले होते ते मला की तुला, हा प्रश्न मी तुला विचारणार नाही. तो तू स्वतःला विचार. मी तुझा शब्द खरा मानते. माझ्यासाठी केलंस. माझ्यासाठी इतकं कुणी केलेलं नाही. नवऱ्यानं तर नाहीच, ते अजून स्वतःचा चहासुद्धा करत नाहीत.

पण म्हणूनच, राजा, त्या कवचाखाली तुला जागा नाही. ते कवच तुला कशाला दिलं? पूर आला, धरणाचे दरवाजे उघडायचे की नाही हे ठरवायचं, तर उद्या आपल्यावर खटला होईल या भीतीनं हात कापू नये म्हणून. लोकांसाठी निर्णय घेताना लोकांनी दिलेलं पांघरूण आहे ते. तू ते माझ्या अंगावर घातलंस. मला त्याची ऊब नको, कारण दुसरीकडे एक माणूस हिवाळाभर उघडा पडला होता.

तू म्हणालास, "ही एकच गोष्ट. एवढी वर्षं मी या देशासाठी राबलो, त्यातली ही एकच." मान्य. तू चांगले रस्ते बांधलेस, दवाखाने काढलेस, मीच सगळ्यांना सांगत असते. पण तू जाशील आणि त्या खुर्चीत दुसरा येईल. त्यालाही बहीण असेल. ती माझ्याइतकी गरीब स्वभावाची असेलच असं नाही.

मंगळवारी साक्ष आहे. "आठवत नाही" म्हणणार नाही. हे तुला माझ्याकडून आधी कळावं, बातम्यांतून नको, म्हणून हे पत्र.

जेवत जा वेळेवर.

ताई


४ एप्रिल

छोट्या,

तू टीव्हीवर पाहिलं असशील, तरी मी सांगते, कारण टीव्हीवाल्यांनी माझं अर्धं वाक्य कापलं.

पाच न्यायमूर्ती होते. मधल्या बाई माझ्याच वयाच्या, चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. माझे हात शिवशिवत होते, पण गप्प बसले. शपथ घेतली. मग त्यांनीच विचारलं, "त्या फोनवर तुम्ही काय ऐकलंत, जसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. तू म्हणालास, "माझ्या बहिणीला हसतो? त्याच्या छापखान्याला कुलूप घाला आणि त्याला उचला." पलीकडून पोलीसप्रमुख म्हणाले, "साहेब, कारण काय लिहायचं?" तू म्हणालास, "कारण उद्या शोधू."

तुझे वकील उठले. त्यांची मला कीव आली, चांगला माणूस आहे.

"बाई, त्या क्षणी आपले बंधू राष्ट्राध्यक्ष नव्हते असं आपल्याला म्हणायचं आहे का?"

"होते की. म्हणून तर पोलीसप्रमुखांनी ऐकलं. मी फोन केला असता तर त्यांनी ऐकलं असतं का?"

लोक हसले. न्यायमूर्ती बाईंनी हात वर केला.

"मग तो आदेश राष्ट्राध्यक्षांचाच झाला," वकील म्हणाले.

"ताकद राष्ट्राध्यक्षांची होती. राग माझ्या भावाचा होता." एवढंच टीव्हीवर दाखवलं. पुढे मी म्हटलं ते असं: "आणि माझा भाऊ वाईट माणूस नाही. वाईट असता तर त्यानं कारण आधी शोधलं असतं."

वकिलांनी शेवटचं विचारलं, "ही साक्ष देऊन तुम्हाला काय मिळतं?"

मी म्हटलं, "काही नाही. रविवारचं एक माणूस कमी होतं."

खाली उतरताना पायऱ्या दिसेनात. भाऊजींनी दंडाला धरलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा चारचौघांत माझा हात हातात घेतला. घरी येऊन चहाही केला. अगदी पांचट.

तुझ्यावर माझी माया तीळभरही कमी झालेली नाही. तुझी माझ्यावरची झाली असेल तर मी समजू शकते. पण मला तसं कळव. असं ताटकळत ठेवू नकोस.

ताई


२२ एप्रिल

छोट्या,

निकाल लागला. पाचपैकी चार जण म्हणाले, कवच नाही, साध्या कोर्टात खटला चालेल. पाचव्यांचं म्हणणं वेगळं पडलं, तेही मी वाचलं, त्यातही तथ्य आहे. तू वाचलंस का?

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं एकच बोलतात, की आज संध्याकाळी मंत्रिमंडळ बसणार, तुझ्यापुढे वटहुकूम ठेवणार, आणि तू सही केलीस की निकाल रद्द, पीठ बरखास्त. शिंपीदादा म्हणतात तू करशील. फुलवाली म्हणते करणार नाहीस. मी कुणाशीही बोलले नाही. मला माहीत नाही, छोट्या. तुझ्याबद्दल मला काही माहीत नाही असं आयुष्यात पहिल्यांदा होतंय.

तुला कुणी अडवू शकणार नाही, हे मला समजतं. ते न्यायमूर्ती म्हणजे चष्मा घसरणाऱ्या पाच म्हाताऱ्या माणसांच्या पलीकडे काय आहेत? त्यांच्याकडे ना पोलीस, ना फौज. त्यांनी एका कागदावर लिहिलं, "इथे थांब." आता थांबायचं काम तुझंच आहे. तुझ्याऐवजी ते दुसरं कुणी करू शकत नाही.

हे पत्र माणसाच्या हाती पाठवते आहे. (साहेब, तुम्ही आज नका वाचू. आज वाचण्यात वेळ घालवू नका. सरळ त्याच्या हातात द्या. तुमचे फार उपकार होतील.)

ताई


३० एप्रिल

माझ्या छोट्या,

वहिनीनं त्या संध्याकाळचं सगळं फोनवर सांगितलं. कागद पुढे आला, तू पेनाचं टोपण काढलंस आणि कायदेसल्लागारांना विचारलंस, "हे देशासाठी आहे की माझ्यासाठी?" ते म्हणाले, "साहेब, दोन्ही एकच." तू सगळ्यांकडे पाहिलंस. कुणी तुझ्याकडे पाहीना. मग तू टोपण लावलंस, उपाध्यक्षांना म्हणालास, "खटला संपेपर्यंत तुम्ही सांभाळा," आणि घरी येऊन वहिनीला म्हणालास, "सामान बांध, आपण आपल्या जुन्या घरी जाऊ." वहिनी म्हणाली, इतकी शांत झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. तुला लागली का, ते तिनं सांगितलं नाही.

आज कोर्टात मी मागच्या बाकावर होते. तुला दिसले नसेन, पुढे कॅमेरेवालेच फार होते. तुझ्या आधी एक सायकलचोर होता आणि तुझ्यानंतर दोन शेजारणी, एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या. मधे तू. कारकुनानं तुझं नाव पुकारलं तेव्हा त्यामागे ना पद लावलं ना साहेब. तू "हजर" म्हणालास. मला शाळेचा पहिला दिवस आठवला आणि पदर तोंडात घालून बसावं लागलं.

न्यायाधीश म्हणाले, जामीनदार कोण? वकील इकडेतिकडे पाहायला लागले. तुझ्या मंत्र्यांपैकी, सल्लागारांपैकी एकही आलेला नव्हता. मी उठून सरळ टेबलाशी गेले आणि म्हटलं, "मी राहते जामीन."

कारकून कागद चाळत म्हणाला, "बाई, तुम्ही तर सरकार पक्षाच्या साक्षीदार. त्यांच्याविरुद्ध साक्ष देणार आणि त्यांना जामीनही राहणार?"

"हो. दोन्ही करते. त्यात काय?"

"नाही करता येत."

मग मागून भाऊजी आले, टोपी काढली आणि म्हणाले, "मी राहतो. या माणसाला मी आजवर एकदाही मत दिलेलं नाही, तेव्हा माझ्यावर कुणी पक्षपाताचा आरोप करणार नाही." न्यायाधीशांना हसू आवरेना. तूही हसलास. तू हसलेला मला मागच्या बाकावरून दिसलास, ते मी जपून ठेवलं आहे.

आणि मग त्यांनी ती अट वाचली: खटला संपेपर्यंत आरोपीनं साक्षीदाराशी भेट, फोन, पत्र, कसलाही संपर्क ठेवायचा नाही. बरोबरच आहे. मी न्यायाधीश असते तर मीही हेच लिहिलं असतं. उद्या सकाळी आदेशाचा कागद हाती पडला की अट सुरू, म्हणून हे पत्र आज. तुझे जामीनदार घेऊन येत आहेत. त्यांना चहा कर. तुलाही यायला हवा.

वर्ष लागेल म्हणतात, दीडही लागेल. शिक्षा होईल की नाही, मला माहीत नाही. झाली तर भोगशील आणि परत येशील. न झाली तरी संपादकाच्या घरी जाऊन यायचं आहे, ते कुठलं कोर्ट सांगणार नाही, मी सांगते.

सगळे उठल्यावर मी कारकुनाला गाठलं. म्हटलं, "दर रविवारी जामीनदाराच्या हाती डबा पाठवला तर तो संपर्क होतो का?" तो गोंधळला. आत जाऊन न्यायाधीशांना विचारून आला. "साहेब म्हणाले, डबा चालेल. आत चिठ्ठी नको."

चिठ्ठी नसेल, छोट्या. तू शोधूही नकोस. नुसता जेव.

ताई